पलंगाखालची पिशवी

अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुमजली नर्सिंग होममध्ये सुगंधा आयाचं काम करायची. पेशंटला भांडं द्या, चादरी बदला, अंग पुसा, ज्यांना लघवीची नळी लावली असेल त्यांच्या पिशव्या मोजून रिकाम्या करा. सगळी ओवळी कामं. पण वरच्या मजल्यावर या बाईचा जो रुबाब होता, तो शिकलेल्या सिस्टरचाही नव्हता. कारण सुगंधाबाईला म्हणे कळायचं. काय कळायचं? तर कोण वाचणार आणि कोण जाणार!

पद्धत ठरलेली. सीरियस पेशंट आला की ती चादर सरकवून तळपायाला हात लावायची, मग गुडघे बघायची. पाय गार आणि गुडघ्यांवर निळसर जाळी उठलेली असली की बाहेर बाकावर येऊन नातेवाइकांना हळूच सांगायची, "गावाकडच्यांना बोलवून घ्या." आणि बरेचदा तसंच व्हायचं. तसं हे थोतांड नव्हतं हो. रक्तात विष भिनलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, हे डॉक्टरही बघतात. पण डॉक्टर ते बघून औषध वाढवतात आणि सुगंधा ते बघून निकाल द्यायची. शिवाय तिचा निकाल चुकला आणि पेशंट चालत घरी गेला, तर "नशीब जोरावर" म्हणून ती मोकळी. घरी गेलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो?

तिच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. संपात नवऱ्याची, धोंडूची, गिरणी गेली ती गेलीच. तो साकीनाक्याला एका वर्कशॉपात पत्रे कापायला लागला आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. चाळीत सुगंधाची ओळख काय, तर "ती दवाखान्यात घाण काढते ती". आणि इथे बाकावर धडधाकट बाप्ये हात जोडून विचारायचे, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" चहा पुढे यायचा. कोणाला आवडणार नाही? तिला तर फार आवडायचं.

तर एका दुपारी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून कृष्णाबाईला आणलं. मासे विकणारी, चाळिशीची, चांगली दणकट बाई. मासळी निवडताना शिंगाळा माशाचा काटा उजव्या हाताच्या बोटात घुसला होता. असे काटे कोळणीला नेहमीचेच. हिने हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि पाटी उचलून बाजाराला गेली. चार दिवसांत हात कोपरापर्यंत टम्म फुगला आणि मग थंडी वाजून ताप चढला. आणली तेव्हा बाई बरळत होती, श्वास धापा टाकल्यासारखा.

डॉक्टरांनी बोटं चिरून पू काढला, दोन्हीकडून सलाईन लावलं आणि तिच्या नवऱ्याला, हरेश्वरला, बाजूला घेतलं. सुगंधा तिथेच फरशी पुसत होती, तिने सगळं ऐकलं.

"जखम हातात आहे, पण विष रक्तात गेलंय," डॉक्टर म्हणाले. "बीपी पार खाली आहे. मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं म्हटलं तर वाटेतच काही तरी होईल. आता मी चार गोष्टी बघणार. ताप, श्वास, बीपी आणि लघवी. लघवी सुरू झाली म्हणजे समजा गाडी वळली. बंदच राहिली तर अवघड आहे."

मग सुगंधाकडे वळून म्हणाले, "सुगंधाबाई, हिच्या पिशवीवर नजर ठेवा. किती आली ते मला येता-जाता सांगत राहायचं."

"हो सर."

त्या दिवशी पिशवीत तळाला काय ते दोन घोट, तेही उकळलेल्या चहासारखे काळपट. सुगंधाने पाय बघितले. बर्फ! गुडघ्यांवर जाळी. झालं. बाकावर हरेश्वर आणि कृष्णाबाईची जाऊ पुतळाबाई बसले होते, त्यांच्यापाशी जाऊन तिने आपला निकाल देऊन टाकला. पुतळाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. सुगंधाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. अशा वेळी तिला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा कामावर आली ती आधी बाकावरच टेकली. पुतळाबाईने थर्मासमधला चहा दिला. कृष्णाबाईचे भाऊ आणि कोळीवाड्यातली आणखी चार माणसं आली होती. "ह्याच त्या बाई," असं कोणी तरी म्हणालं आणि सगळे सरकून जवळ बसले. सुगंधा सांगत गेली, याआधी कोणाकोणाचं तिला कसं कळलं होतं ते. क्षमा सिस्टर दोन मजले एकटी सांभाळत होती. तिचं काम इंजेक्शनं आणि सलाईन, पिशवीचं काम आयाचं. ती पिशवी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, चादरीआड लोंबत होती. वाकून, हात घालून बघावी लागायची. सुगंधा काही वाकली नाही.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. बीपी घेतलं, फारसं हललेलं नव्हतं. दारात कोळीवाड्याची माणसं दाटून उभी होती.

"सुगंधाबाई, लघवी?"

आता इथे सरळ म्हणायचं होतं, "थांबा सर, बघते." एवढंच! पण दारातली माणसं बघत होती आणि त्यांच्यासमोर आपण बघितलंच नाही असं कसं म्हणायचं? आणि बघायचं काय त्यात, बाई तर चाललीच आहे, असं तिच्या मनाने धरलंच होतं.

"थेंब नाही, सर," ती म्हणाली.

"रात्रीपासून?"

"नाहीच."

डॉक्टर चांगला माणूस, पण दोन मजल्यांना एकटा, खाली बाळंतीण अडलेली. त्यांनी हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. "किडन्या बंद पडल्यात. मी औषध चालू ठेवतो, पण तुम्हाला खोटी आशा नाही दाखवणार."

हरेश्वर म्हणाला, "तं घरी नेतो, डाक्टर. आपल्या घरात, देवासमोर जाऊ दे तिला." डॉक्टरांनी एकदा नको म्हणून बघितलं, मग मान डोलावली आणि घाईने खाली गेले.

मासळीचा टेम्पो धुऊन आणला. आत गादी टाकली. सिस्टरने सलाईन सोडवलं, नळी काढून पलंगाआड तशीच सोडली आणि चार जणांनी कृष्णाबाईला चादरीसकट उचलून जिन्यावरून खाली नेलं. रडारड खाली गेली. वरची खोली रिकामी झाली.

सुगंधा पलंग आवरायला आली. उरलेली चादर ओढली तर काही तरी जड हिंदकळलं. तिने वाकून बघितलं.

पिशवी भरली होती. गच्च, टम्म भरली होती. आणि कालच्यासारखी काळी नाही, स्वच्छ पिवळी.

ती पलंगाच्या कडेला बसली. गाडी वळली होती. बाईच्या किडन्या काम करत होत्या, औषध लागू पडत होतं, आणि आपण...

आणि मग सुगंधाने जे केलं ते ऐकून राग येईल. येऊ दे, यायलाच हवा. ती उठली, पिशवी पदराखाली घेतली, संडासात गेली आणि ओतून टाकली. वरून बादलीभर पाणी सोडलं. पिशवी कचऱ्याच्या डब्यात खाली दाबली. कोणी बघितलं नव्हतं. परत आली आणि फडकं घेऊन फरशी पुसायला लागली. खाली टेम्पो स्टार्ट होईना, ड्रायव्हरच्या शिव्या खिडकीतून वर येत होत्या. निघा एकदाचे, असं तिला वाटलं. हो, अगदी हेच वाटलं. गेले की संपलं.

एवढ्यात दारात हरेश्वर. कळलं याला!

पण तो हात जोडून उभा होता. डोळे सुजलेले. "बाई," तो म्हणाला, "गाडी चालू होईस्तोवर आलो. तुमचे उपकार हायेत. डाक्टर लोक माणसाला झुलवत ठेवतात. तुमी सरळ सांगितलंव, म्हणून तिचे भाऊ टायमाला आले. नायतर बिचारी अशीच गेली असती." आणि तो आडदांड माणूस वाकला आणि त्याने तिच्या पायांना हात लावला.

ती मागे सरकली, भिंतीला टेकली. घाबरली की तिच्या तोंडात गावची बोली यायची. "नको, नको हो! माझा चुकला!" ती ओरडली. "ती मराची नाय! तिका वर आणा! पिशवी भरलेली होती, मी बघूकच नाय!"

हरेश्वरला अर्थ लागेना. ओरडा ऐकून क्षमा सिस्टर धावत आली, तिला मात्र अर्थ लागला.

"काय बोलतेस तू? पिशवी कुठाय? दाखव!"

"ओतली," सुगंधा म्हणाली.

"ओतली? कशाला?"

सिस्टरने जिन्यातूनच डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर हातमोज्यांसकट टेम्पोत चढले. रस्त्यावर ही गर्दी. मासळीच्या वासात, गादीवर गुडघे टेकून त्यांनी बीपी घेतलं. सकाळपेक्षा वर होतं. कृष्णाबाईच्या गालावर थापटलं तर तिने डोळे किलकिले केले आणि तोंड वाकडं केलं. "वर घ्या!" डॉक्टर ओरडले. "सलाईन लावा आधी! लवकर!"

तीच माणसं, तोच जिना. या वेळी रडत नव्हती, पळत होती. सुगंधा कठड्याला चिकटून उभी होती. प्रत्येक जण तिच्या अंगावरून गेला आणि एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. पुतळाबाई तेवढी थांबली. काही तरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसतीच थुंकली आणि वर गेली.

डॉक्टर ओरडतील, हाकलतील, असं सुगंधाला वाटलं होतं. वाट बघत होती ती. संध्याकाळी त्यांनी बोलावलं आणि एवढंच विचारलं, "विचारल्यावर बघून आला असतात, तर मी काही बोललो असतो का?" ती म्हणाली, नाही. "मीही वाकून बघायला हवं होतं," ते म्हणाले आणि जायला सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. घरी गेली तर तिचा चेहरा बघून धोंडूने, कधी नव्हे ते, "काय झाला गे?" म्हणून विचारलं. तिने काही सांगितलं नाही. जेवलीही नाही.

कृष्णाबाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, पण ताप उतरला, शुद्ध आली, पेज पोटात जायला लागली. हरेश्वर एकदा सुगंधाला जिन्यात गाठून म्हणाला, "तिला सांगू नका. जित्या बायकोला मी मासळीच्या टेम्पोत घातली, कसं तोंड दाखवू?" म्हणजे लाज आता त्यालाही. तीही सुगंधाच्याच पायी.

ती त्या खोलीत जायचं टाळायची. पण काम ते काम. एका सकाळी कृष्णाबाईच्या केसांचा गुंता काढायला तिलाच जावं लागलं. हात बांधलेला, बाईला वेणी घालता येत नव्हती. बाई खुशीत होती, बोलकी होती.

"काय गो," कृष्णाबाई म्हणाली, "मना मधीच मासळीचा वास येत होता. आनी इंजिन घुरघुरत होतं. मना वाटलं, घरी चाललू. सपान होतं काय?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. हरेश्वरलाही तेच हवं होतं. सुगंधाचा हात केसांत थांबला.

"सपान नव्हतं," ती म्हणाली. "तुला घरी नेत होते. मरायला. तुझ्या नवऱ्याचा काही दोष नाही, त्याला मी सांगितलं होतं तू जगत नाहीस म्हणून." आणि मग ती थांबलीच नाही. बाकावरचा चहा, न बघता दिलेलं उत्तर, संडासात ओतलेली पिशवी, सगळं सांगितलं. कृष्णाबाईचा चेहरा तिला दिसत नव्हता, ती पाठमोरी बसली होती. एवढ्यासाठीच सांगता आलं असेल.

"तो वर आला म्हनून बोललीस," कृष्णाबाई म्हणाली. "नसता आला, टेम्पो निघाला असता, तं बोलली असतीस?"

सुगंधाने खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी त्या क्षणी जमलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

कृष्णाबाईने मान डोलावली, कोणी बाजारातला भाव सांगावा आणि तो आधीच माहीत असावा तशी. मग डावा हात मागे करून तिने सुगंधाच्या हातातली फणी काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "माझी जाव येल, ती घालेल वेनी."