कपाटामागची भिंत

जर्मनीतल्या कासेल शहरात ब्रिंकमानबाईंइतकी नवखी घरमालकीण शोधून सापडली नसती. आयुष्यभर त्या चौथ्या मजल्यावर भाड्याने राहिल्या, शिवणाच्या दुकानात लोकांच्या विजारी आखूड करून दिल्या, आणि साठीला टेकल्यावर नवऱ्याच्या नादाने मालकीण झाल्या. नवरा, एकहार्ट, ट्राम चालवायचा. त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर निघायचं नाही. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं, त्यातून बँकेचे हप्ते भागवायचे, आणि गुडघे कुरकुरायला लागले की आपणच तिथे राहायला जायचं, असा त्याचा बेत.

"चार जिने चढता चढता मरायचं नाहीये मला," तो म्हणायचा.

घर मिळालं तेही अगदी खिळखिळं. दर शनिवारी एकहार्ट ब्रेड आणि सॉसेजचा डबा घेऊन तिकडे जायचा. बाईंना मात्र मज्जाव. सगळं झाल्यावरच दाखवीन म्हणायचा. फरशा त्याने बसवल्या, दारं त्याने तासली. स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं. अशाच एका शनिवारी संध्याकाळी तो परत आला, तिसऱ्या मजल्यावर दम खायला पायरीवर बसला, आणि उठलाच नाही.

त्यानंतर बाईंना त्या घरात पाऊल टाकवेना. बँकेला त्याचं काय. माल्टे नावाचा तरुण घर मागायला आला, तेव्हा त्याच्या हातात किल्ली देऊन बाईंनी त्याला एकट्यालाच बघायला धाडलं. त्याला घर आवडलं. आमच्याकडे भाडेकरू स्वयंपाकघर आपल्याबरोबर आणतो, ओटा, कपाटं, सगळं, आणि जाताना उचलून घेऊन जातो. माल्टेनेही आणलं, भिंतीला ठोकलं आणि बायकोबरोबर सुखाने राहू लागला.

पुढे एकदा नळ गळला म्हणून बाई पहिल्यांदा आत गेल्या. दारांवरून हात फिरवला, आणि नळाचं बघायचं सोडून न्हाणीघरात कडी लावून रडल्या. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला: एकहार्टच्या हातचं काम कुणी बिघडवता कामा नये. इमारतीतल्या मालकांच्या सभेत वोल्टर्सबाई म्हणून पाच घरांची एक मालकीण होती. तिने ज्ञान पाजळलं, की मऊ राहिलात तर भाडेकरू डोक्यावर बसतात, घर सोडताना भिंती पांढऱ्या करून घ्यायच्या म्हणजे घ्यायच्याच. दुसऱ्याच्या घरमालकीत नाक खुपसायला तिला फार आवडे. बाईंनी ते मनावर घेतलं.

सहा वर्षांनी माल्टेच्या बायकोला दिवस गेले आणि त्यांनी मोठं घर पाहिलं. जायच्या आठवड्यात त्याचा फोन आला. बाकी सगळं रंगवून झालंय, पण कपाटामागची भिंत तशीच ठेवली तर चालेल का, तिथे कुणीतरी...

बाईंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरं हवं. कपाटामागेसुद्धा. माझ्या नवऱ्याने केलंय ते घर."

किल्ल्या घ्यायच्या दिवशी बाई खोलीखोलीत हिंडल्या. कुठे ओरखडा नव्हता. रिकामं स्वयंपाकघर त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

"ही भिंत मात्र जड गेली," माल्टे म्हणाला. "पेन्सिलीचं लिखाण होतं सगळं. तीन हात मारले तेव्हा कुठे झाकलं."

"कसलं लिखाण?"

"मापं होती, चित्रं होती. इथे शेगडी, तिथे रेडिओ. कुणा सुताराचं असेल. आणि खिडकीशी एक फळी काढली होती, चांगलीच खाली. शेजारी लिहिलं होतं, याहून वर नको, रोझीचा हात पोचत नाही आणि ती स्टूल मागायची नाही." तो हसला. "बायको म्हणाली, पुसू नको रे हे. कोण हो ही रोझी?"

रोझविता ब्रिंकमान भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "फोटो काढलात?"

"काढला ना," म्हणत त्याने फोन पुढे केला. फोटोत पांढरी भिंत होती. रंग दिल्याचा पुरावा असावा म्हणून काढलेला.

अनामत अडकते की काय, या काळजीने त्याचा चेहरा उतरला. "भिंत ठीक आहे ना, ब्रिंकमानबाई?"

"भिंतीत काही दोष नाही," बाई म्हणाल्या. त्याला चूक कळू द्यायची त्यांची इच्छा नव्हती. चूक त्याची नव्हतीच. किल्ल्या घेतल्या, बाळाची चौकशी केली, दारापर्यंत सोडायला गेल्या.

मग त्या खिडकीशी आल्या. टाचा न उचलता हात जिथवर पोचला तिथे त्यांनी तळवा भिंतीला टेकवला. फळी इथेच कुठेतरी होती. त्या हात न काढता तशाच उभ्या राहिल्या, आणि या वेळी कडी लावायचंही त्यांना सुचलं नाही.