पंपाला साठ मिली

"ही आमची टायपिस्ट. हिच्या वाड्यावर असंच लिहीत असतील."

सर हे बोलले तेव्हा मी दाराशी उभी होते. पिरंगुटला तणनाशक बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस. टेबलाभोवती पाच खुर्च्या, माणसं चार. पाचव्या खुर्चीवर सरांची बॅग. समोरच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या वेबसाइटचं आम्ही बनवलेलं हिंदी पान उघडलं होतं आणि त्यावर हिंदीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, सगळा काला. कंपनीचे मॅनेजर म्हणाले, "ये कौन सी भाषा है भाई?" सरांनी माझ्याकडं बोट केलं आणि ते वाक्य बोलले. सगळे हसले.

मीही हसले.

चूक कशाची आहे ते मला ठाऊक होतं. तेव्हाचे हिंदी फॉन्ट म्हणजे वरवरचं सोंग. आत इंग्रजी अक्षरंच असायची, फॉन्ट त्यांना हिंदी दाखवायचा. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, तिथं सोंग गळून पडायचं. मी सरांना दोनदा सांगितलं होतं. तरी हसले. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत हसले.

साल दोन हजार चार-पाच असेल. सरांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस भूगावला, आबांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर. आबा आमच्या गावचे मोठे शेतकरी. भूगावची जमीन बिल्डरला देऊन त्यांनी तो बंगला बांधला आणि खालचा मजला सरांना भाड्यानं दिला. आमचा बौद्धवाडा गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. आई आबांच्या रानात कामाला. तिची सासूही तिथंच होती. मी बारावी झाले, मराठी-हिंदी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, म्हणून आबांनी सरांना सांगितलं, "पोरगी हाय आमच्याकडची. बसवा."

बसवली. कोपऱ्यात, जिन्याखाली. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "फोन तू उचलायचा नाही. हाय, न्हाई ऐकलं की लोकांना वाटतं चुकून शेतात फोन लागला."

फोन वाजायचा. मी बघत बसायचे.

पिरंगुटच्या त्या दिवसानंतर सरांनी तोडगा काढला. पानावर अक्षरं ठेवायचीच नाहीत, अक्षरांचे फोटो ठेवायचे. मी हिंदी मजकूर टाइप करायचा, त्याचं चित्र बनवायचं, आणि ते वेबसाइटवर चढवायचं काम अनिकेतचं. अनिकेत इंजिनिअर, पुण्यातला. वागायला वाईट नव्हता. माझ्याशी बोलायचाच नाही, तर वाईट वागणार कसा?

फोटोतलं अक्षर मेलेलं असतं. शोधलं तर सापडत नाही. एक काना चुकला तरी अख्खं चित्र पुन्हा बनवा. दिवसभर मी तेच करायचे.

पिरंगुटच्या बाजारात एक सायबर कॅफे होता. चालवणाऱ्या वैशालीताई साताऱ्याकडच्या, नवरा कारखान्यात. रविवारी मी तिथं जायचे. ऑफिसातल्या एका जुन्या मासिकात युनिकोडबद्दल वाचलं होतं. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर. क म्हणजे 'क'च. कुठलाही फॉन्ट असो, कुठलंही गाव असो. ताईंनी कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली, सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण केली आणि म्हणाल्या, "बघा जमतंय का." टाइपरायटरला सरावलेली माझी बोटं सारखी चुकत होती. तासाभरानं आईचं नाव उमटलं. आम्ही ते शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडलं. तिथंही आईचं नाव आईचंच राहिलं.

सोमवारी सरांना सांगितलं, "सर, असं केलं तर फोटो नकोत."

सर मान वर न करता म्हणाले, "तू बोटं चालव. डोकं आम्ही चालवतो."

पुढच्या पेरणीच्या आधी कंपनीचं पत्र आलं. एका तणनाशकाचं प्रमाण बदललं होतं. फवारणीच्या पंधरा लिटरच्या पंपाला आधी शंभर मिली होतं, आता साठच घालायचं. मी त्याच दिवशी नवं चित्र केलं. अनिकेतच्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि त्याला तोंडानंही सांगितलं. तो बॅग भरत होता. "हो, हो," म्हणाला.

जुनंच चित्र वेबसाइटवर राहिलं. अख्खा हंगाम.

मध्य प्रदेशातल्या एका शेतकऱ्यानं दुकानदाराकडून त्या पानाचा कागद छापून घेतला. पंपाला शंभर मिली घातलं. त्याचं सोयाबीन उभ्या उभ्या जळालं. दुकानदारानं तो कागद आणि जळक्या रानाचे फोटो कंपनीला पाठवले. कंपनीचा फोन सरांना आला. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

टेबलावर एक कागद होता, इंग्रजीत. त्यात होतं की मी निष्काळजीपणानं साठच्या जागी शंभर टाइप केलं आणि सगळी जबाबदारी माझी. खाली माझं नाव. सहीला जागा.

मी म्हणाले, "सर, नवीन फोटो म्या त्याच दिवशी दिलाय. फाईलवर तारीख हाय. बघा."

सर शांत होते. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "अनिकेतला पुढच्या महिन्यात अमेरिकेला जायचंय. त्याच्या नावावर हे नको. तुला कुठं जायचंय?"

खरंच, कुठं जायचं होतं मला?

मग आबा आत आले. सरांनीच बोलावलं असणार. खुर्चीत बसून म्हणाले, "पोरी, तुला हितं मी बसवली. तुजी आय आमच्याकडं हाय. सही कर, मिटव. उद्या सकाळपातुर दे."

कागद घेऊन घरी आले. दिवस मावळायचा होता. आई अंगणात भांडी घासत होती. सगळं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाली, "कर बाई सही. एक रेघ तर वढायची हाय."

"आये, म्या चूक केली न्हाई."

"म्या तरी कुटं केली हुती? जल्मभर आंगठं दिलं. आबांनी कागद म्होरं धरला की द्यायचा. कशाखाली दिला, ठाव न्हाई."

"ओढ्याकडचा तुकडा?"

आईचा हात थांबला. तो आमचा एवढासा तुकडा, तीन वर्षांपासून बिल्डरच्या तारेच्या आत होता. आम्ही समजत होतो की मोजणीत चूक झाली.

"त्योबी दिला असंल," ती म्हणाली. तिनं अंगठा पदराला पुसला. ओला होता म्हणून पुसला असेल. मला तो शाईचा दिसला.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचा अंगठा घेतला. मला वाचता येत होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही येत होत्या. आणि मी वाचून, समजून, त्या खोट्याखाली सही करणार होते.

सकाळी केबिनमध्ये गेले. सर होते, आबा होते, अनिकेत खिडकीबाहेर बघत होता. कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरीच.

"म्या सही करनार न्हाई."

आबा म्हणाले, "आईचा इचार केलास का?"

"केला. म्हनूनच."

त्या दिवशी मी कामावरून गेले. दुपारी आबांनी आईला रानातून परत पाठवलं. कंपनीला सरांनी काय सांगितलं माहीत नाही. त्यांचं काम तिथं चालूच राहिलं. अनिकेत अमेरिकेला गेला. आई माझ्याशी बारा दिवस बोलली नाही.

तेराव्या दिवशी मी वैशालीताईंच्या कॅफेत बसले आणि फुकटच्या एका वेबसाइटवर हिंदीत पान लिहिलं. फोटो नाही, खरी अक्षरं. औषधाचं नाव, पंपाला साठ मिली, शंभर घातलं तर पीक जळतं, जुना कागद कुणाकडं असेल तर फाडा. मी काय टाइप केलं होतं, कोणत्या तारखेला, तेही. खाली माझं नाव आणि कॅफेचा फोन नंबर.

महिन्याभरात कॅफेवर कंपनीचा फोन आला. "वो पेज हटाइए, मैडम." मॅडम! मी विचारलं, "उसमें गलत क्या है?" त्यांनी फोन ठेवला.

मग आबांनी बोलावलं. ओसरीवर ते बसलेले, मी अंगणात. म्हणाले, "ते पान काढ. न्हाईतर वाट बंद. वाड्याचा रस्ता माज्या रानातनं जातो."

बंद केली. तार ओढली. आम्ही ओढ्यातून जातो आता. पावसाळ्यात कमरेएवढं पाणी असतं. वाड्यातल्या चार घरांनी मला शिव्या दिल्या. पान काढ म्हणाले, आईसुद्धा म्हणाली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पोरांची दप्तरं भिजतात.

वाटेसाठी मी तहसीलदाराकडं अर्ज दिला आहे. ओढ्याकडच्या तुकड्याच्या कागदांच्या नकला मागितल्या आहेत. निकाल काय लागेल, सांगता येत नाही. कचेरीत मला अजून बसायला सांगत नाहीत, आणि मी आता दाराशी उभी राहत नाही. आत जाते.

पान आहे तिथंच आहे. त्या औषधाचं नाव कुणी हिंदीत शोधलं तर ते सापडतं. ते मी काढणार नाही.