डाग नसते तर

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मुकादमानं फक्कीची पांढरी रेघ ओढली. मायला म्हणाला, "चाल हिच्यावरून. सरळ चाललीस तरच हजेरी."

माय चालली. थोडी चालली आणि कलंडली. लोक हसले.

"सकाळीच टाकून आली जणू," कुणीतरी म्हणालं.

माझी माय. दारूच्या वासानंही जिला मळमळायचं. मी कॉलेजच्या सुट्टीत त्याच कामावर पाट्या वाहत होते. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. मी मायला उचललं.

दुपारी मायचे पाय लटपटायचे, डोळ्यांपुढं धुरकट व्हायचं. लिंबाखाली बसली की पुन्हा चालायची. तेच सगळ्यांना खुपायचं. "उन्हात लंगडी, सावलीत धड. असला कुठं आजार असतो व्हय?" मुकादम म्हणायचा. आम्हालाही ते कळत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात शक्तीची इंजेक्शनं झाली. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथं मेंदूचा फोटो काढायचं यंत्र नवंच आलं होतं. माय त्या यंत्राच्या नळीत एकटी पडून राहिली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मेंदूत पांढरे डाग होते. "इथं नसांवरचं आवरण झिजलंय," ते म्हणाले. "अंग तापलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. थंडावलं की पोचतो."

मी भीत भीत विचारलं, "जितके डाग, तितका त्रास?"

"तसं नसतं. कुणाला डाग थोडे आणि हाल फार. कुणाला उलटं."

यंदा परत पाऊस नाही. परत मातीकाम. मायनं सावलीत बसून मजुरांना पाणी पाजायचं काम मागितलं. मुकादम गावच्या सोसायटीच्या चेअरमनचा माणूस, म्हणून आम्ही चेअरमनकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"मेंदूचा फोटू काढलाय म्हणं. दाखव की. खरं असंल तर देऊ सावलीतलं काम."

मी पिशवीत हात घातला. मायनं माझं मनगट धरलं.

"चेअरमनसाब, फोटूत काय निघालं नसतं, तर मी खोटी व्हते का?"

"तुझी माय तर वकील झाली की गं," ते हसले.

मुंबईहून येताना ती फिल्म मी छातीशी धरून आणली होती. डाग निघाले म्हणून मला हायसं वाटलं होतं. मायचा मेंदू झिजला, आणि लेकीला हायसं वाटलं. ही वेळ आमच्यावर कुणी आणली?

मी रिकामा हात बाहेर काढला. म्हणाले, "फोटू डॉक्टरला दाखवायचा असतो. काम मायनं तोंडानं मागितलंय."

काम मिळालं नाही.

उद्या परंड्याला तहसीलदारापुढं काम मागायला जाणार आहोत. तिथंही फोटो मागतील. देणार नाही. माय बोलेल ते त्यांनी लिहून घ्यायचं. नाही घेतलं तर माय तिथंच खाली बसेल, शेजारी मी. उठवलं तर परवा परत जाऊ.