लेकरू बघायला आलोय!

आमची महिन्याची मीटिंग उपकेंद्रात असते. पाथर्डीहून साहेबांची गाडी येईपर्यंत चहाचे दोन राऊंड होतात, आणि खरी मीटिंग तेवढ्या वेळातच होते! घरोघर जायचं, अशक्त बाळं बघायची, बाळंतिणींची विचारपूस करायची, हे आमचं काम. चार घरं फिरून आलेल्या बाईकडे एक तरी किस्सा असतोच. ती चहा प्यायला बसली की तो आपोआप बाहेर येतो, आणि तो ऐकून दुसरीला तिचा आठवतो.

आम्ही तिघी कायम एकत्र. मी सुरेखा, गावातली आशा वर्कर. मंगलबाई अंगणवाडी सेविका. आवाज असा की अंगणवाडीला घंटा लागत नाही! आणि मार्था सिस्टर, उपकेंद्राच्या नर्स. बोलतात कमी, पण बोलल्या की समोरचा ऐकतो.

*

गाव मोठं, म्हणून माझ्यासकट गावात आशा वर्कर तीन. एकदा पोलिओचे डोस पाजायला आम्ही तिघी आशा मिळून एका वस्तीवर गेलो. दारातल्या बाजेवर एक म्हातारेबाबा बसलेले. तिघींनी 'मी आशा' म्हणून सांगितलं, तसे आमच्याकडे निरखून बघत म्हणाले, "पोरींनो, तुमी सख्ख्या भैनी का गं?"

"नाही हो बाबा."

"मंग तिघींचंबी नाव आशाच कसं काय?"

आतून सूनबाई ओरडली, "आवो मामा, ती नोकरी हाय त्यांची!"

बाबा मान हलवत म्हणाले, "आशा हीच नोकरी? लई अवघड हाय मग!"

*

एका घरात बाळ जन्मलं तेच नाजूक. वजन वाढतंय का बघायला मंगलबाई गेल्या, तर आजी दारातच आडवी. वजन केलं की लेकराला नजर लागते, असं तिच्या डोक्यात कुणीतरी भरलेलं.

"सून माहेरी गेलीय. लेकरू तिच्यासंगं."

इतक्यात आतून बाळ रडायला लागलं!

आजी डगमगली नाही. "ती शेळी हाय."

मंगलबाईंनी पिशवीतून झोळीचा काटा काढला आणि तुळईला अडकवला. "शेळी तर शेळी! आणा बाहेर. आज मी वजन केल्याशिवाय जायची न्हाई!"

आजीला हसू आवरेना. बाळ बाहेर आलं. वजन घटलेलं होतं. त्याच दिवशी आई आणि बाळ दवाखान्यात गेली, वेळेवर उपचार झाले आणि बाळ बाळसं धरून घरी आलं.

पुढच्या भेटीला आजी अंगणातच उभी. एका काखेत नातू, दुसऱ्या काखेत शेळीचं करडू! "बाई, आता दोगांचंबी करा!"

*

दत्ता सुप्याच्या कंपनीत कामाला. त्याला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला. दवाखान्यातून घरी सोडलं, पण बाळाला ऊब लागायची. उघड्या छातीशी धरून ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि नेमका बायकोला ताप. दत्ताने रजा काढलेली, पण नुसता येरझाऱ्या घालत होता.

मार्था सिस्टर आल्या, बाळाच्या पायांना हात लावून बघितला. गार! दत्ताला म्हणाल्या, "शर्ट काढ."

"कोन, मी?"

"मग काय, मी काढू?"

दत्ताची आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आवो सिस्टर, बाप्या मानूस लेकरू छातीला बांधून बसनार व्हय?"

"बाप आहे ना तो? मग बसेल!"

सिस्टरांनी बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, वरून बायकोची मऊ साडी गुंडाळली. दत्ता श्वाससुद्धा बेताने घेत होता. थोड्या वेळाने बाळाचे पाय कोमट झाले, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मग रोज तसाच बसायला लागला.

एकदा दोस्त बोलवायला आले. "काय रं दत्त्या, बाळातीन झाला का काय?"

दत्ता कुजबुजला, "हळू बोला की. आत्ताच डोळा लागलाय."

"कुनाचा?"

"दोगांचा!"

*

दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. असाच एक ट्रॅक्टर भरून निघालेला. अंथरुणं, भांडी, कोंबड्या, माणसं. मंगलबाईंना त्यात तोडणीला निघालेल्या लताच्या मांडीवरचं पोर दिसलं. हाडांचा सापळा, आणि अंगात ताप.

त्या सरळ ट्रॉलीत चढल्या आणि गाठोड्यावर मांडी घालून बसल्या.

तोडणीवाल्यांच्या टोळीचा मुकादम तापला. "बाई, उतरा खाली! कारखान्यावर टोळी पोचायला पायजे."

"मी कुठं अडवलंय? चला की! मीबी येते. फक्त तालुक्याचा दवाखाना आला की थांबवा."

मुकादमाने विनवून पाहिलं, ओरडून पाहिलं. बाई हलल्या नाहीत. शेवटी अख्खी टोळी कोंबड्यांसकट दवाखान्याच्या फाटकात! डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एवढे पेशंट?"

"एकच हाय साहेब," मंगलबाई म्हणाल्या, "पन आत्ताच्या आत्ता बघा."

पोर भरती झालं. लता त्याच्यापाशी राहिली, नवरा पुढे गेला. पोर खायला-खेळायला लागलं तेव्हाच मायलेकरं उसाच्या फडावर गेली.

पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आपण होऊन अंगणवाडीसमोर थांबला. मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. "बाई, चढा! आधी लेकरं बघून घ्या, मंग निघतो!"

*

सोनाबाईंचं पहिलं नातवंड दवाखान्यातच दगावलं. रिकाम्या हातांनी घरी आल्या त्या दिवसापासून त्यांनी आम्हा सगळ्यांचं तोंड बघणं सोडलं. सून वैशालीला दुसरं बाळ झालं आणि मी गेले, तर सोनाबाईंनी आतून दार लावून घेतलेलं.

"आमचं लेकरू कुनाला दावायचं न्हाई!"

दुसऱ्यांदा गेले, तेच. तिसऱ्यांदा तेच. सिस्टरांना सांगितलं, तर म्हणाल्या, "दार बंद आहे. कान बंद नाहीत."

मग मी पायरीवर बसून दाराशीच बोलायला लागले. वैशाली, हात धुऊन बाळाला घे. अंगावरचंच पाज, मध-पाणी देऊ नको. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं, छाती आत ओढत श्वास घ्यायला लागलं, तर कुणाची वाट बघू नको, लगेच निघ. येणारेजाणारे हसायचे, "आशाताई दारासंगं बोलतीय!" मी बोलत राहिले. एकदा दारापलीकडे, अगदी जवळ, बांगड्या वाजल्या. त्या दिवशी सगळं पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.

मग एकदा माझ्या फेरीच्या ठरल्या दिवशी मलाच ताप आला. उठवेना. जाणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सोनाबाई! मागे वैशाली, शालीत गुंडाळलेलं बाळ घेऊन. मी तशीच उठून पुढे झाले.

"काय झालं बाळाला?"

"त्याला काय झालंय!" सोनाबाई चिडून म्हणाल्या. "तू काल का आली न्हाईस? आमी दिवसभर दार उघडं ठिवून बसलो हुतो!"