दादाला दिलेले अठ्ठ्याऐंशी

कुणाला किती आकडे द्यावेत हे आपल्याला कळतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. फुटबॉलचे जे व्हिडिओ गेम येतात, त्यात प्रत्येक खेळाडूला शंभरापैकी आकडे दिलेले असतात. वेग इतका, शॉट इतका, पास इतका, दम इतका. हे आकडे दर वर्षी चुकतात आणि चुकले की माझं डोकं फिरतं. खारघरच्या अठराव्या मजल्यावर बसून मी इंटरनेटवर परदेशी माणसांशी दोन-दोन आकड्यांसाठी भांडायचो. म्हाताऱ्या स्ट्रायकरच्या पायात जीव उरला नाही, तरी नुसत्या नावावर त्याला नव्वद? तुम्ही आकडे देताय की प्रसाद वाटताय? अशा माझ्या लांबलचक पोस्ट. बायको म्हणायची, एवढ्या वेळात गिझर दुरुस्त करून झाला असता. गिझर अजून तसाच आहे.

माझं मूळ गाव करावे, खाडीकाठचं. आमच्या पट्ट्यात बाकी सगळे क्रिकेटवेडे, आमचं आणि शेजारचं अशी दोनच गावं फुटबॉलच्या नादाला लागलेली, आणि त्यातही हरायची सवय आमचीच जुनी. या टीमची एक रीत आहे. जर्सीचा नंबर, म्हणजे टीममधली जागाच, कुणी कुणाकडून काढून घेत नाही. पालखीचा पुढचा खांदा ज्या घराचा त्या घराचा, तसंच हे. ज्याला खेळणं थांबवायचंय त्यानं आपली जर्सी धुऊन जत्रेच्या सकाळी देवीच्या पायरीवर ठेवायची आणि ज्याची पाळी असेल त्यानं ती उचलायची. त्याआधी कुणी विचारायचं नाही, सुचवायचं नाही, मुद्दाम खोकायचंसुद्धा नाही.

नऊ नंबर, म्हणजे पुढं राहून गोल मारणाऱ्याचा, आमच्या वडिलांचा होता. त्यांनी ठेवला आणि माझ्या थोरल्या भावानं, दादानं, उचलला. दादा आता एकोणचाळीसचा. जिना चढताना त्याचा उजवा गुडघा वाजतो. त्याच्यानंतर पाळी आमच्या चुलतभावाची, चोवीस वर्षांचा, जासईला कंटेनर यार्डात कामाला. गावातला सगळ्यात वेगवान पोरगा, आणि तीन जत्रा बाकावर बसून नऊ नंबरची वाट बघतोय. सगळ्या गावाला हे दिसत होतं. सगळं गाव गप्प होतं.

जत्रेच्या महिनाभर आधी कप्तानाचा फोन आला. म्हणाला, तुझ्या त्या गेममध्ये आपली टीम बनव, जत्रेच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये पडद्यावर खेळवू, पोरांना मजा. गेममध्ये अशी सोय असते, हव्या त्या नावाचा खेळाडू करायचा आणि हवे ते आकडे भरायचे. मग त्यानं आवाज खाली आणला. दादाचा वेग खरा लिही, म्हणाला. तो पडद्यावर बघेल, समजेल आणि सकाळी जर्सी आपल्या हातानं पायरीवर ठेवेल. "आमी कोन काय सांगत नाय," तो म्हणाला, "गेम सांगेल." वा रे पठ्ठ्या! सगळ्या गावाला जे बोलायची छाती होत नाही, ते एका मशीनच्या गळ्यात. मी त्याला म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, आकड्यांच्या बाबतीत मी सख्ख्या भावालाही सोडत नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन गावच्या घरी ओट्यावर बसलो आणि अर्ध्या तासात रेशनच्या दुकानासारखी गर्दी झाली. गोलकीपरला वेगात पंच्याऐंशी पाहिजेत. का, तर त्यानं एकदा पळत जाऊन बस पकडली होती. बस तेव्हा सिग्नलला उभी होती. मला माहीत आहे, मी त्याच बसमध्ये बसलेलो होतो. एका डिफेंडरची सासुरवाडी जत्रेला येणार होती, म्हणून त्याला हेडिंगमध्ये नव्वद हवे होते. ज्या कप्तानाला दादाचा आकडा खरा हवा होता, तो स्वतःसाठी म्हणाला, तू बघ काय ते, पण नव्वदच्या खाली बरं दिसत नाही. आईनं सुकटाची चटणी आणि भाकरी आणून ठेवली, जरा वेळ ऐकलं आणि निकाल दिला, सगल्या पोरांना सारखं वाढ, पंगतीत कुनाला कमी नको. मी वाढत गेलो. संध्याकाळपर्यंत आमचे अकरा जण जगज्जेते झाले होते. मी मनाची समजूत घातली, की यांचं चालेल, जिथं महत्त्वाचं आहे तिथं मी कडक राहीन.

आकडा मागायला आला नाही तो एकटा दादा. तो मागच्या बाजूला पाण्याची मोटर खोलून बसला होता. मी निघालो तेव्हा हात पुसत बाहेर आला, तुझ्या बायकोला विचारलंय म्हणून सांग म्हणाला आणि आत गेला. आकड्याचा शब्द नाही.

खारघरला आल्यावर मी त्याच्या नावापुढं वेग एक्केचाळीस लिहिला आणि खेळवून बघितलं. पडद्यावरचा नऊ नंबर डोक्यावर पाटी घेतल्यासारखा चालत होता. मला बघवेना. माझ्या डोळ्यांपुढं दादाचा तो गोल होता, कॉर्नरच्या झेंड्यापासून एकटा बॉल घेऊन आत घुसलेला आणि तिघांना बसवून मारलेला. त्या दिवशी ओरडून माझा आवाज बसला होता. मी एक्केचाळीस पुसले आणि अठ्ठ्याऐंशी लिहिले. मग लक्षात आलं, चुलतभावाला मी नव्वद दिलेत, आणि या सगळ्या खिरापतीत तेवढा एकच आकडा खरा होता. पण धाकट्याचा आकडा मोठ्याच्या वर कसा ठेवायचा? त्याचे सत्तर केले. दोन आकड्यांसाठी परदेशी माणसांची झोप उडवणाऱ्या मी एका बोटानं आपल्याच भावाचे वीस कापले, आणि वर दादाचा मान राखला म्हणून स्वतःवर खूश झालो.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी हॉल भरला. आमच्या टीमनं युरोपातल्या सगळ्यात मोठ्या टीमला सात-शून्य हरवलं, त्यात पाच गोल दादाचे. म्हाताऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, आमच्या वेळी पण असंच होतं म्हणाले. चुलतभावानं आपले सत्तर बघितले, कसनुसा हसला आणि सगळ्यांसाठी चहा आणायला गेला. कप्तान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, एक काम सांगितलं होतं तुला. दादा मागं खांबापाशी उभा होता. त्यानं आपला आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि मॅच संपायच्या आत घरी गेला. मला वाटलं, सुखावला.

सकाळी देवीची पायरी रिकामी होती. दुपारी शेजारच्या गावाशी मॅच. दादा नऊ नंबर घालून उतरला, चुलतभाऊ चौथ्या वर्षी बाकावर बसला. दहाव्या मिनिटाला दादाला पहिला लांब पास आला. तो चार पावलं पळाला, बॉल त्याच्यापुढून निघून गेला. आणि आमच्याच बाजूनं कुणीतरी ओरडलं, "अरे अठ्ठ्याऐंशी, पळ!"

मैदान हसलं. एकदा हसल्यावर मग काय, सगळ्यांचीच भीड चेपली. दादाच्या पायात बॉल आला की अठ्ठ्याऐंशी, बॉल गेला की अठ्ठ्याऐंशी. जर्सीबद्दल बोलायचं नाही अशी रीत होती, आकड्याबद्दल नव्हती. तीन वर्षं साधं न खोकलेल्या गावाला मी शब्द पुरवला होता. मीही त्या गर्दीतच उभा होतो.

तीन गोल खाल्ल्यावर, हाफटाइमच्या जरा आधी, दादा मैदानाच्या मधोमध थांबला. त्यानं जर्सी काढली, उघड्या अंगानं बाकापर्यंत चालत आला आणि चुलतभावाच्या हातात दिली. नऊ नंबर असा कधी दिला गेला नव्हता. तो धुऊन पायरीवर ठेवायचा असतो, घामानं भिजलेला माणसासमोर धरायचा नसतो. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. चुलतभाऊ ओली जर्सी घालून उतरला, एक गोल मारला आणि आम्ही चार-एक हरलो. त्याच्या गोलला कुणी धड टाळीसुद्धा वाजवली नाही.

संध्याकाळी दादा ओट्यावर गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. मला शरम वाटत होती, पण शरम वाटली की मी जास्त बोलतो. तुझा मान राखायला लिहिलं, असं काहीतरी मी सुरू केलं. त्यानं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आजच्या आधी तू मला शेवटचं खेलताना कवा बगितलंस?" त्यानं विचारलं.

मी हिशेब केला. तो कॉर्नरवरचा गोल. त्याला आठ वर्षं झाली होती. त्यानंतर या वर्षापर्यंत दर जत्रेला मी आलो, जेवलो, आणि मॅचच्या वेळेला ट्रॅफिक लागेल म्हणून खारघरला पळालो. एक्केचाळीस हा आकडासुद्धा मी ऐकीव माहितीवर लिहिला होता. हे मी त्याला सांगितलं, चुलतभावाच्या नव्वदाचे सत्तर केले तेही सांगितलं.

"जर्सी मी शुक्रवारीच धुतली व्हती," मग तो म्हणाला. "तुज्या वहिनीनं इस्त्री पन केली. सकाली पायरीवर ठेवनारच व्हतो. मग तुजा आकडा बगितला. म्हटलं, हा एकेका आकड्यासाठी जगाशी भांडतो, हा काय उगाच लिवनार हाय? म्हटलं, असंल अजून माज्यात."

पिशवीतलं पाणी गार झालं होतं. मी ती उचलली आणि पाणी तापवायला आत गेलो.