उतू गेलेलं दूध आणि दहा आठवडे

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आपल्या फोटोतले टाय लावलेले जपानी गृहस्थ आजीच्या शेगडीसमोर हात जोडून का उभे आहेत? तुमच्या मामाने उत्तर दिलं, पण तो कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगतो. म्हणून मी, तुमची आजी, क्रमाने लिहिते आहे. शिवाय डोंबिवलीची आपली इमारत गेल्या आठवड्यात पाडून झाली. तिथून निघालो त्या दिवसाचीच ही हकिगत आहे.

मामाचा कारखाना डोंबिवलीत. पंपातून पाणी गळू नये म्हणून आत रबरी कडी बसवतात, ती तो बनवतो. जपानी कंपनीची ऑर्डर मिळाली तरच कारखाना राहणार होता. शेजारचे दोन गाळे तोवर बंद पडले होते. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असायचा. त्या कंपनीतर्फे हे फोटोतले पाहुणे एकटेच आले आणि गुरुवारी कारखाना पाहून गेले. बोलणी शुक्रवारी व्हायची होती, आणि शुक्रवार हा तिथला वीजबंदीचा वार! ही गोष्ट मामाला गुरुवारी संध्याकाळी आठवली.

"आई, त्यांना कोलशेतच्या नव्या घरी बोलावू या का?"

"अरे, उद्या आपण सामान हलवतोय!"

"मग काय, घर रिकामंच असेल. ऐसपैस बसता येईल."

तसंच झालं. मी प्रत्येक खोक्यावर खोलीचं नाव लिहून चिठ्ठी लावली होती, पण सगळी खोकी भरलेला टेम्पो शीळफाट्याला अडकला. आमच्या गाडीतून आले ते फक्त देव, मिठाची बरणी, दुधाची पिशवी, एक पातेलं, थर्मासमध्ये भरून घेतलेला चहा, कप आणि सतरंजी. गॅसची शेगडी तेवढी तिथे आधीच बसवलेली होती. पाहुणे बूट काढून, टाय सावरून सतरंजीवर मांडी घालून बसले. हळू पण नेमकं इंग्रजी बोलायचे. मी थर्मासमधला चहा दिला.

प्रश्न होता मुदतीचा. मामा म्हणाला, "माल दहा आठवड्यांत देऊ." पाहुण्यांनी मान डोलावली आणि ते गप्प बसले.

आता आपल्याकडे पाहुणा गप्प बसला की आपल्याला वाटतं, काहीतरी कमी पडलं. आपण लगेच आणखी वाढतो. मामाने तेच केलं. "नऊ," तो म्हणाला. पाहुणे खिडकीतून खाडीकडे बघत राहिले. मामा मराठीत कुजबुजला, "आई, रागावला वाटतं गं हा."

आजोबा म्हणाले, "चहा आवडला नसेल. तुझ्या आईने साखर कमी घातलीय."

"अहो, गप्प बसा!"

"आठ," मामा इंग्रजीत म्हणाला. रबर तापवून मुरायला ठेवावं लागतं. आठ आठवड्यांत ते होत नाही, हे मला पत्रं लिहून लिहून पाठ झालं होतं. कबूल करून एकदा चुकलो, की हे लोक पुन्हा दार ठोठावणार नव्हते. मामाने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. दूध उतू घालायचा मुहूर्त टळत होता. मी काही डाव टाकला नाही. मला खरोखरच दुधाची काळजी लागली होती.

"आधी दूध," मी म्हणाले, आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं.

नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या सासूबाईंचा त्यात आणखी एक नियम होता: दूध उतू जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. बोलण्याच्या नादात कोणीतरी सवयीने गॅस बंद करतं, म्हणून. मी तो नियम पाहुण्यांना इंग्रजीत सांगितला. मामाला मराठीत सांगितला, जरा जोरात.

आम्ही चौघं उभे राहिलो. दूध हलेना. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मग साय थरथरली, दूध वर आलं, आणि पाहुण्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला. मी मान हलवून नको म्हटलं. दूध फसफसून शेगडीभर पसरलं. आम्ही हात जोडले, आमचं बघून त्यांनीही जोडले. फोटो आजोबांनी तेव्हाच काढला.

मग पाहुणे मामाकडे वळून म्हणाले, "दहा, नऊ, आठ. यातला खरा आकडा कोणता?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी ओटा पुसत होते.

"दहा," तो म्हणाला. "बाकीचे मी घाबरून बोललो."

पाहुणे पहिल्यांदा हसले. दहा आठवडे त्यांच्या वेळापत्रकात बसतात का, एवढंच ते मघाशी मनात जुळवत होते, असं म्हणाले. ते बसत होते. पण आकडा खाली येऊ लागला, तसा त्यांना कारखान्याचाच संशय यायला लागला होता.

टेम्पो दुपारी आला. स्वयंपाकघराची खोकी हमालांनी बेडरूममध्ये ठेवली, चिठ्ठ्या असूनही.

शेगडीवरचा तपकिरी डाग मी पुष्कळ घासला; तो गेला नाही. कारखाना चालू आहे. माल जपानला जातो, आणि त्याला अजूनही दहाच आठवडे लागतात.