नांदीतला आकार

सांगलीत बुवांकडे गाणं शिकायला गेलो, तेव्हा पहिलं वर्षभर त्यांनी मला वरच्या सुरांत जाऊच दिलं नाही. पहाटे उठायचं, खर्जात बसायचं, ऊन अंगावर येईपर्यंत एकच सूर घासायचा. छाती दुखायची, डोळे मिटायचे. "हा आवाज माळावरचा आहे," बुवा म्हणायचे. "लांब जातो, पण कुठे थांबत नाही."

माळावरचाच होता तो. लोणंदला वडिलांचा जलसा होता, गावोगावी उघड्या माळावर चळवळीची गाणी गाणारा. कर्णा नसायचा, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर गळा उघडा टाकूनच गावं लागे. गाणं संपलं की वडील पत्रकं वाटत. अक्षरं मी त्या पत्रकांवरूनच शिकलो. बौद्ध झालो तेव्हा घरातले देव आम्ही नीरेत सोडले. पुन्हा कुठल्या देवापुढे हात जोडायचे नाहीत, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं.

बुवा एका नाटक मंडळीची गाणी बसवून देत. माझ्या शिकण्याच्या तिसऱ्या वर्षी तिथल्या नायकाचा गळा बसला आणि भूमिका माझ्याकडे आली. आनंद एक दुपार टिकला. संगीत नाटक नांदीनं सुरू होतं. सगळे नट रांगेत उभे राहून देवाची स्तुती गातात, आणि आमच्याकडे ती नायकानं उचलायची असे. मी मालकांना सांगितलं, हे शब्द मी म्हणणार नाही.

"मग काय शीळ घालणार?" खलनायकाचं काम करणारे गृहस्थ मिशी चिकटवता चिकटवता म्हणाले. सगळे हसले.

बुवा हसले नाहीत. "शब्द नकोत ना? नको म्हणूस. शेवटच्या ओळीवर नुसता आकार लाव, वरच्या षड्जावर. सुराला कुठला आलाय देव?"

मला पटलं. हात पाठीमागे धरून मी उभा राहायचो. बाकीचे नट शब्द गायचे, आणि शेवटी त्यांच्यावरून माझा 'आ' जायचा. वाटलं, जिंकलो. मग एका प्रयोगाला नांदीलाच वन्स मोअर आला. मालकांनी जाहिरातीच्या पत्रकावर छापलं : नांदी चुकवू नका.

तासगाव, विटा, कराड. ट्रंका चढवायच्या, उतरवायच्या, धूळ गिळायची, गरम पाण्यानं गळा शेकायचा. रोज तोच षड्ज. गळा टिकून होता. मीच शिणत चाललो होतो, कशानं ते कळत नव्हतं.

साताऱ्याच्या प्रयोगाला वडील आले. सकाळी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेलो. चहाच्या बशीवर फुंकर घालत ते म्हणाले, "लय गोड गायलास."

"आबा, नांदीतला येक शबूद म्हटला न्हाई म्या."

"व्हय, कळलं की मला. पर माज्या शेजारचा म्हातारा डोळं पुसत हुता. म्हनला, देवानंच सूर दिलाय पोराला." त्यांनी खिशातून चार घड्या घातलेलं नाटकाच्या जाहिरातीचं पत्रक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "न्हाई म्हनायचं आसंल, तर आसं म्हनत्यात व्हय रं? आयकनाऱ्याला कळाय नगं?"

ते रागावले असते तर मी भांडलो असतो. पण तेही थकले होते. जलशाला आता साथीदार मिळत नव्हते. गाडी लागली, ते चढले.

सांगलीला परतल्यावर मी मालकांकडे गेलो. "नांदीला मी उभाच राहणार नाही. माझा प्रवेश येईल तेव्हा येईन."

"लोक तिकिटं काढतात ती त्या आकारासाठी," ते म्हणाले. "नांदी नाही, तर नायक नाही."

भूमिका मिशीवाल्यांच्या पुतण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुवांकडे गेलो. त्यांना सगळं कळलेलं होतं. "एवढा घासला तुला," ते म्हणाले, "तो घरी बसवायला?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं, एक अख्खं पत्रक भरेल एवढं. पण त्यांनी तंबोरा माझ्याकडे सरकवला.

"खर्ज लाव."

लागला नाही.

"पुन्हा," बुवा म्हणाले.